बडग्याच्या पाठीवरचा मजकूर

२७ जुलै, रविवार

आजपासून रोजनिशी पुन्हा सुरू. या वेळी खंड पडणार नाही, कारण आता लिहिण्यासारखं काही घडणार आहे.

सकाळी चंद्रभान आला. कोपऱ्यावर त्याचं बिछायत केंद्र आहे (मांडव, खुर्च्या, सतरंज्या भाड्याने), आणि गल्लीच्या बडग्या मंडळाचा अध्यक्ष, कारागीर, हमाल सगळं तोच. म्हणाला, सर, औंदा बडग्याचं बोर्ड तुम्ही लिहा, तुम्ही लिहिण्याचेच मास्तर आहात. मी आधी नाही म्हटलं. तो लगेच उठायला लागला, म्हणून हो म्हटलं.

विषय मंडळाने ठरवलेला: आमचा सिमेंट रोड. उन्हाळ्यात झाला. ठेकेदार आनंदरावांनी जुना रोड खोदलाच नाही, त्याच्यावरच नवा ओतला. गल्ली वर गेली, घरं खाली राहिली, नाली बुजली. आम्ही वरच्या मजल्यावर, आमचं बरं आहे. समोरच्या गोपिकाकाकू मात्र आता रस्त्यावरून घरात पायऱ्या उतरून जातात. जरा सर आली की पाणी स्वयंपाकघरात. ब्लाउज शिवायचं मशीन विटांवर ठेवलंय आणि काकू पाटावर पाय ठेवून मशीन चालवतात.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीला सगळं नागपूर आमच्या महाल भागात येतं. पेपरवाले, चॅनलवाले, साहेब लोक. गावाची पीडा पुतळ्यावर, म्हणजे बडग्यावर, घालायची, वाजतगाजत बाहेर न्यायची आणि जाळायची. मागच्या साली पलीकडच्या गल्लीच्या बडग्याने कचऱ्याची गाडी आणून दाखवली. चार दिवसांत. आमच्या गल्लीकडे वर्षातून कोणी पाहिलं तर त्याच दिवशी.

माझी पीएच.डी. 'क्रांतिकारी राजकीय लेखनातील मन वळवण्याची तंत्रे' या विषयावर चालू आहे. (बरीच वर्षं. घाईने होणारं काम नव्हे.) म्हणजे मन वळवण्याचं शास्त्र येणारा गल्लीत मी एकटा. शामलाला बातमी सांगितली. तिने विचारलं, किती ओळी पाहिजेत त्याले? बायकोने पहिला प्रश्न हा विचारावा, याचं वाईट वाटलं.

निश्चय: रोज पहाटे एक तास लेखन. चहाच्या आधी.

२८ जुलै, सोमवार

पहाट झाली तेव्हा झोपेत होतो. चहानंतर बसलो.

तंत्र पहिलं: शत्रूला नाव द्या. आनंदराव हे नाव फारच किरकोळ वाटतं. त्यांची मुलगी आमच्याच कॉलेजात होती, वर्गात नीट लक्ष द्यायची. खरा शत्रू त्यांच्या मागे उभा आहे. संध्याकाळपर्यंत विचार केला. खरा शत्रू म्हणजे व्यवस्था.

कागदावर 'व्यवस्था' लिहून दोनदा अधोरेखित केलं. आजचं काम समाधानकारक.

३० जुलै, बुधवार

चंद्रभानशी वैचारिक मतभेद. त्याने विचारलं, सर, बडग्या कोणाचा बनवाचा? मी म्हटलं, व्यवस्थेचा. त्याने कान खाजवला. मग म्हणाला, व्यवस्था दिसते कशी जी? मिशी आहे का तिले? मले डोकं बनवाले द्या लागते चितारओळीत, तिथला माणूस पहिले मिशीचंच विचारते.

म्हटलं, व्यवस्थेला चेहरा नसतो. तो म्हणाला, मंग लोक दगड कोणाले मारतीन?

शेवटी मी माझ्या तिसऱ्या प्रकरणातलं सांगितलं: शत्रू हसऱ्या चेहऱ्याने फसवतो. तेव्हा चेहरा प्रेमळ हवा, डोळ्यांत माया हवी, म्हणजे बघणाऱ्याला आतून चीड येईल. चंद्रभान म्हणाला, हसराच करतो मंग. त्याच्या आवाजात माझ्यासारखी खात्री नव्हती, पण कारागिराला सिद्धांत पचायला वेळ लागतो.

२ ऑगस्ट, शनिवार

शामलाचा ब्लाउज द्यायला गोपिकाकाकू आल्या. पदराचं टोक ओलं. मी लिहीत बसलेला पाहून आनंदल्या. म्हणाल्या, मीनं पण एक जुळवलं आहे बाबू, पाहाय बरं: 'रोड चढला डोक्यावर, पाणी आलं चुलीवर, घेऊन जा गे मारबत!'

काकूंचं मन मोडवेना. म्हटलं, छान आहे, पण यात विश्लेषण नाही. काकू म्हणाल्या, ते काय असते? समजावून सांगायला लागलो तेव्हा त्यांना दूध ठेवल्याचं आठवलं.

शामला म्हणाली, तेच लिहा ना, झालं तुमचं काम. हिच्याशी एकोणीस वर्षं संसार केला, पण हिला लेखन म्हणजे काय हे मी समजावू शकलो नाही.

५ ऑगस्ट, मंगळवार

मोठा दिवस! मजकुराची रचना सापडली.

उथळ लेखक पहिल्या ओळीपासून शिव्या देतो. वाचणारा सावध होतो. पोचलेला लेखक आधी समोरच्याचं श्रेय मोकळ्या मनाने मान्य करतो. वाचणारा म्हणतो, हा माणूस निष्पक्ष आहे. मग एक 'पण' येतो, आणि त्या 'पण'नंतर समोरचा उभा राहू शकत नाही. यावर माझं चौथं प्रकरण आहे. गाइडनी तीनदा परत पाठवलंय, त्यांना 'पण'चं सामर्थ्य कळलेलं नाही.

रस्त्याबद्दल चांगलं काय ते शोधत गल्लीतून फिरलो. भक्कम आहे. वेळेत झाला. गाडीला गचके बसत नाहीत. प्रामाणिकपणे लिहिलं. इतकं मनापासून उतरलं की वाचताना मलाच रस्ता आवडायला लागला.

९ ऑगस्ट, शनिवार. राखी

काकूंचा भाऊ गोविंदा पारशिवनीहून राखीला आलेला. भिंतीला पोपडे, घरभर ओल, पाहून भडकला. माझ्यादेखत म्हणाला, ताई, काहून मरून राहिली इथं? मशीन उचल, चाल माह्या संग. घर विकून टाकू.

काकू या घरात लग्न होऊन आल्या, काका इथूनच गेले. घर सोडायचं नाव निघालं की त्यांचा चेहरा लहान मुलीसारखा होतो. म्हणाल्या, मारबतीपर्यंत थांब गा. सुशीलबाबू लिहून राहिले ना. मंग साहेब लोक येतीन, नाली खोदून देतीन.

गोविंदाने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. माझ्या प्रबंधावर आजवर कोणी असा विश्वास टाकला नव्हता. मारबतीनंतर नाली झाली नाही तर भाऊ काकूंना घेऊन जाणार, असं ठरलं. माझ्यावर जबाबदारी आहे आणि मी ती पेलणार.

१३ ऑगस्ट, बुधवार

बडग्याची उंची. चंद्रभान म्हणतो, माणसाएवढा पुरे. मी म्हटलं, शत्रू भव्य दिसला पाहिजे, तरच संघर्ष भव्य होतो (प्रकरण दुसरं). बारा फूट. तो म्हणाला, सर, गल्लीत तारा आहेत. म्हटलं, क्रांतीच्या वाटेत तारा येणारच. तो म्हणाला, मंग मागून बांबूचा टेका द्या लागन. म्हटलं, दे. असले तांत्रिक प्रश्न माझ्यापर्यंत आणू नयेत.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंडावंदनाहून आल्यावर शामलाला मसुदा वाचून दाखवला. श्रेयाच्या भागात ती सोफ्यावर टेकली. 'पण' आला तेव्हा डोळे मिटलेले. पुन्हा सुरुवातीपासून वाचलं. म्हणाली, किती वेळचे आभारच मानून राहिले तुम्ही, तो रोड आपण बांधला का? मी चिडलो. ती म्हणाली, तुम्ही काहून चिडून राहिले, मी फक्त विचारून राहिली. दुपारी वरण गार मिळालं.

१८ ऑगस्ट, सोमवार

चंद्रभानचे दिवसभर फोन. मजकूर दोन दिवसांपूर्वीच द्यायचा होता म्हणे. मी कॉल घेत नाही. 'पण'नंतरच्या भागात अडकलोय. तिथे भाषा पेटली पाहिजे. सध्या धुमसते आहे.

सकाळी काकू आल्या होत्या. म्हणाल्या, आज कॉर्पोरेशनच्या झोन ऑफिसात साहेब भेटते म्हणते, तू चालतो का बाबू संग? मले तिथं बोलता येत नाही, कोणी शिकलेलं पाह्यजे. म्हटलं, काकू, एका साहेबाशी बोलून काय होणार, मी सगळ्या शहराशी बोलायची तयारी करतोय. त्या म्हणाल्या, बरं बाबू, तू लिही. एकट्याच जाऊन आल्या. साहेब जेवायला गेले होते, मग आलेच नाहीत.

२० ऑगस्ट, बुधवार

भाषा पेटली! 'पण'नंतरचे सहा परिच्छेद एका बैठकीत. शेवटचा परिच्छेद वाचून स्वतःच उभा राहिलो. काकूंचं स्वयंपाकघर, विटांवरचं मशीन, बुजलेली नाली, ठेकेदाराची घाई, सगळं आलंय. हे वाचून दगडालाही पाझर फुटेल, मग इंजिनिअर काय चीज आहे.

२१ ऑगस्ट, गुरुवार

सदर भागात फ्लेक्स करायला गेलो. दुकानदार प्रशिक. भला माणूस, पण धंदेवाईक. मजकूर पाहून म्हणाला, सर, हे एका बोर्डात बसवलं तर मुंगीएवढे अक्षरं होतीन. म्हटलं, कापायचा शब्द नाही. मग माझ्याच डोक्यात आलं: बडग्याला छाती असते तशी पाठही असते! छातीवर श्रेयाचा भाग, मोठ्या अक्षरांत. पाठीवर 'पण'पासून पुढचं सगळं. मिरवणूक पुढे सरकते, लोक आधी समोरून पाहतात, मग मागून. म्हणजे वाचनाचा क्रम आपोआप जुळतो. अशी रचना कोणत्याही क्रांतीत झाली नसेल. प्रबंधात परिशिष्ट म्हणून घालणार.

पुढच्या बोर्डावर खाली जागा उरली म्हणून प्रशिकने आपल्या मनाने 'आपले नम्र, समस्त गल्लीवासी' टाकलं आणि गुलाबाची फुलं काढून दिली. फुलं नको होती, पण त्यांचे पैसे त्याने घेतले नाहीत.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा

बडग्या तयार. बारा फूट. काय चेहरा साधलाय चितारओळीवाल्याने! इतका मायाळू की शामला म्हणाली, तुमच्या मोठ्या मामांसारखा वाटते. दोन्ही बोर्ड मी स्वतः उभं राहून बांधून घेतले. काकू पाठीमागच्या बोर्डापुढे थांबून एकेक अक्षर वाचत होत्या. स्वतःचं नाव आल्यावर पदर तोंडाला लावला. म्हणाल्या, माह्या मशीनचं पण लिहिलं रे बाबू.

मला आज फार बरं वाटतंय.

२३ ऑगस्ट, शनिवार. मारबत

लिहायला हात चालत नाही. क्रमाने लिहितो.

सकाळी बडग्या ट्रॉलीवर चढवला. गल्लीच्या तोंडाशी विजेच्या तारा आल्या, त्याला तिरका करावा लागला, तो डुगडुगला. बायका ओरडल्या. चंद्रभानने मागून चार बांबू ठोकले आणि बांबू उघडे दिसतात म्हणून बिछायतीतली लाल दरी, म्हणजे मोठी सतरंजी, आणून पाठीला चहूकडून गुंडाळून टाकली. पाठीला! मी ओरडलो, चंद्रभान, मुख्य मुद्दा मागे आहे! तो म्हणाला, सर, हा पडला तर माणसं मरतीन, मुद्दा राहू द्या. ढोल सुरू झाले.

दरी सोडवायला ट्रॉलीवर चढलो तर एका स्वयंसेवकाने मला खाली उतरवलं. माझ्या वयाचा मान राखून, पण उतरवलं.

मग सगळ्या महालातून बारा फुटी हसरा माणूस निघाला, छातीवर: 'या रस्त्याबद्दल सर्वप्रथम मनःपूर्वक आभार! रस्ता भक्कम आहे. रस्ता उंच आहे. रस्ता वेळेत झाला. असा रस्ता आमच्या गल्लीने कधी पाहिला नव्हता. आपले नम्र, समस्त गल्लीवासी.' आणि गुलाब.

इतर बडग्यांना लोक चपला दाखवत होते. आमच्या बडग्याला एका म्हातारीने नमस्कार केला. चौकात कोणी हार घातला. मी ट्रॉलीच्या बाजूने चालत ओरडून सांगत होतो की मागे 'पण' आहे, मागे 'पण' आहे. ढोलात कोणाला ऐकू जाईना. एकाने मला बाजूला घेऊन पाणी पाजलं.

जाळायच्या जागी तर कहर. लोक म्हणाले, अरे, याले काहून जाळता? याचं तर चांगलं लिहून आहे. चंद्रभान माचिस घेऊन गोंधळला, त्याने माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात आनंदराव ठेकेदाराचा ट्रक आला आणि त्यांची माणसं बडग्याला अदबीने उतरवून, बोर्ड, दरी, बांबूंसकट घेऊन गेली. आनंदराव त्याला आपल्या ऑफिससमोर उभा करणार म्हणे. मारबतीच्या दिवशी न जळलेला बडग्या कोणाच्या आठवणीत नाही.

अभ्यासाच्या दृष्टीने ही घटना दुर्मिळ आहे. शामलाला तसं म्हटलं. तिने दिवा बंद केला.

२४ ऑगस्ट, रविवार

पेपरात फोटो! आतल्या पानावर, पण रंगीत. खाली मजकूर: 'दर्जेदार रस्त्याबद्दल रहिवाशांची आगळी कृतज्ञता.' चंद्रभानने पेपर दारात आणून टाकला आणि गेला.

हरकत नाही. लगेच संपादकांना खुलाशाचं पत्र लिहिलं. सुरुवातीला छायाचित्रकाराचं आणि पेपरच्या रस्त्यांविषयीच्या आस्थेचं मोकळ्या मनाने कौतुक केलं, म्हणजे ते सावध होणार नाहीत. मग 'पण'.

२६ ऑगस्ट, मंगळवार

पत्र छापलं. पहिला परिच्छेद छापला.

३० ऑगस्ट, शनिवार

गल्लीच्या गणपतीत माझा सत्कार. जाणार नव्हतो. शामला म्हणाली, जा आणि सरळ सांगून या, पहिल्याच वाक्यात सांगा. निश्चय करून गेलो: पहिलं वाक्य, नाली खोदा.

मंचावर आनंदरावांनी शाल घातली, नारळ दिला. त्यांचे डोळे खरोखर पाणावले होते. म्हणाले, सर, वीस वर्षं रोड बनवून राहिलो, लोकांनी फक्त शिव्या दिल्या. तुम्ही पहिले. एवढं ऐकल्यावर माणूस एकदम नाली कशी काढणार? दोन शब्द आभाराचे बोललो. 'पण' म्हणालो, तेव्हा आरतीची वेळ झाल्याचं सांगून कोणीतरी माइक घेतला.

आरतीनंतर आनंदरावांनी घोषणा केली. साहेबांनाही फोटो फार आवडला. लोक एवढे खूश आहेत म्हटल्यावर गल्लीसाठी सिमेंटचा आणखी एक थर मंजूर झाला आहे. टाळ्या. समोर खुर्चीत काकू बसल्या होत्या. त्यांनीही दोन टाळ्या वाजवल्या, मग शेजारणीला काहीतरी विचारलं, आणि हात मांडीवर ठेवले.

घरी आल्यावर हिशेब मांडला. लेखनाने सरकारी निर्णय घडवला, तोही आठवड्यात. परिणामकारकतेबद्दल वाद नाही. दिशा हा वेगळा मुद्दा. हे शामलाला ऐकवलं. तिने शाल कपाटात न ठेवता जमिनीवर सांडलेलं पाणी पुसायला घेतली.

७ सप्टेंबर, रविवार

गल्लीच्या तोंडाशी गिट्टी आणि सिमेंटची पोती येऊन पडली आहेत. आजच गोविंदा पारशिवनीहून टेम्पो घेऊन आला.

सामान उचलायला खाली गेलो. चंद्रभान आधीच होता. त्याने पलंगाची एक बाजू माझ्याकडे केली. घर रिकामं होताना फार लहान दिसत होतं. भिंतीवर पाण्याची रेघ, काकांच्या फोटोच्या जागी चौकोन. मला खूप लाज वाटली. झोन ऑफिस इथून चालत जाण्याएवढं आहे. त्या दिवशी मी नुसता गेलो असतो, साहेबांची वाट पाहत बाकड्यावर बसलो असतो, तरी चाललं असतं.

काकूंना म्हटलं, काकू, अजून वेळ गेली नाही. मी तुमच्यासाठी एक कडक अर्ज लिहून देतो. आजच लिहितो.

त्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला. रागाचं नावही नव्हतं, ते असतं तर बरं झालं असतं. म्हणाल्या, नोको बाबू. तू आता काही लिहू नोको. मशीनले हात लाव, भारी आहे.

मी मशीनची एक बाजू धरली, गोविंदाने दुसरी, आणि आम्ही ते पायऱ्या चढून रस्त्यावर आणलं.